"वाचून सही करायला काय होतं?" या प्रतिक्रियेला उत्तर

सर (प्रोफाइलवर नाव नाही म्हणून सरच म्हणते), तुमची कॉमेंट काल रात्रीच वाचली, पण रागाच्या भरात काहीतरी लिहून बसले असते म्हणून थांबले. पार्किंगच्या टोकनवर छापलेल्या अटीमागे हॉटेलला लपता येत नाही, या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय, "अडाण्यांची वकिली बंद करा, वाचून सही करायला काय होतं, ग्राहक आयोगात जाणारे निम्मे फुकटे असतात." शिवाय कुरियरच्या केसचा (सही केलेल्या पावतीवरची भरपाईची मर्यादा सुप्रीम कोर्टाने मान्य केली ती) दाखला दिलाय आणि माझी एक चूक काढलीय.

चूक मान्य. अनुचित कराराची, म्हणजे ग्राहकाचे हक्क मारणाऱ्या एकतर्फी अटींच्या कराराची, तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात नाही, राज्य आयोगात करायची असते. पोस्ट दुरुस्त केलीय. पण हे सरळ एका ओळीत सांगता आलं असतं ना, त्यासाठी लोकांना अडाणी कशाला म्हणायचं?

आता "वाचायला काय होतं". माझ्या बाबांचं मिरजेत लाँड्रीचं दुकान होतं, शाळा सुटली की गल्ल्यावर मीच बसायचे. बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असायचं की कपडा हरवला किंवा जळला तर धुलाईच्या दहापटच भरपाई मिळेल. बिल उलटं करून वाचणारा एकही माणूस मी बघितला नाही, आणि वाचलं असतं तरी काय केलं असतं, समोरच्या लाँड्रीचं बिलही त्याच प्रेसमध्ये छापलेलं, मजकूर तोच. एकदा एका बाईंचा शालू इस्त्रीत जळला, लेकीच्या लग्नासाठी काढून ठेवलेला. बाबांनी बिल दाखवलं नाही, चार महिने हप्त्याने पूर्ण पैसे दिले, घरात त्यावरून भांडणंही झाली. त्या बाईंना तुम्ही फुकट्या म्हणाल का? मला उत्तर हवंय याचं.

आणि प्रश्न एकट्या बाबांच्या चांगुलपणाचा नाही. लाँड्रीच्याच बिलावर "हरवल्यास किमतीच्या १५ टक्केच देऊ" अशी अट होती, ती १९६० च्या दशकात मद्रास हायकोर्टाने लोकहिताच्या विरोधात ठरवली. माझ्या पोस्टमधली केसही तीच गोष्ट सांगते, १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या ताब्यात पार्किंगसाठी दिलेली मारुती झेन चोरीला गेली, टोकनवर लिहिलेलं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर, तरी २०१९ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की स्वतःचा हलगर्जीपणा या ओळीमागे लपवता येणार नाही. त्याच वर्षी गुडगावच्या बिल्डरची केस आली, ग्राहकाचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज आणि बिल्डरने उशीर केला तर ९, कोर्टाने तो करार एकतर्फी ठरवला. तो करार ग्राहकाने दहा वेळा वाचला असता तरी बिल्डरने आकडे बदलले असते का हो? सही करा नाहीतर फ्लॅट विसरा, एवढीच निवड असते. म्हणून तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" ही व्याख्या आली, आणि तिच्यात ग्राहकाने वाचलं होतं की नाही हा प्रश्नच नाही, अटीमुळे त्याच्या हक्कांचं काय झालं हे बघितलं जातं. तुम्ही ही व्याख्या वाचलीय का? दुसऱ्यांना वाचायला सांगता म्हणून विचारते.

कुरियरची केस १९९६ ची आहे, तेव्हा हा कायदा नव्हता, त्यावर आत्ता वेळ घालवत नाही.

ती "फुकटे"वाली ओळ तेवढी काढा. उद्या सकाळपर्यंत काढली नाहीत तर मी अख्खी कॉमेंट उडवणार आहे.