मत बदलायची मुभा

अमेरिकेची राज्यघटना कशी तयार झाली हे वाचताना मला सगळ्यात मोलाचा वाटला तो काम सुरू होतानाच ठरलेला एक साधा नियम.

१७८७ चा मे महिना, फिलाडेल्फिया. तेरा राज्यांचा जुना करार पार निकामी झाला होता. मध्यवर्ती काँग्रेसला, म्हणजे कायदेमंडळाला, कर बसवता येत नव्हता, युद्धाचं कर्ज फिटत नव्हतं, मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी नुकतंच बंड केलं होतं. यावर तोडगा काढायला भरलेल्या सभेला ऱ्होड आयलंडने प्रतिनिधीच पाठवले नाहीत. बाकीच्या राज्यांचे ५५ जण आले. प्रश्न निघाला, कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी लिहून ठेवायचं का? रूफस किंग आणि जॉर्ज मेसन म्हणाले, नको. एकदा नाव कागदावर चढलं की माणूस मत बदलायला कचरतो. सभेने ते मानलं. मतं राज्यवार मोजायची आणि झालेला निर्णयही पुन्हा चर्चेला घेता येईल, असं ठरलं. शिवाय आतलं बाहेर बोलायचं नाही.

या मुभेचा उपयोग किती झाला बघा. राष्ट्राध्यक्ष कायदेमंडळाने निवडावा, मुदत सात वर्षं, पुन्हा उभं राहता येणार नाही, हे ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं. शेवटी सप्टेंबरात वेगळे निर्वाचक आणि चार वर्षांची मुदत आली. सिनेटमध्ये, म्हणजे कायदेमंडळाच्या वरच्या सभागृहात, लहानमोठ्या सगळ्या राज्यांना सारख्या जागा, हा तोडगा १६ जुलैला ५ विरुद्ध ४ असा जेमतेम निभावला. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी निम्मे निम्मे फुटले होते. नावं जाहीर होत असती तर ही सभा जुलैतच उधळली असती, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्याच बंद दारांआड गुलामांचाही सौदा झाला. प्रतिनिधींच्या जागा ठरवायला लोकसंख्या मोजताना एक गुलाम तीनपंचमांश माणूस धरायचा, आणि १८०८ पर्यंत काँग्रेसने बाहेरून माणसं आणायला बंदी घालायची नाही. गुव्हर्नर मॉरिस (गुव्हर्नर हे नावच, हुद्दा नव्हे) हे प्रतिनिधी गुलामगिरीवर तुटून पडले, पण सौदा टळला नाही. मसुद्यात ‘गुलाम’ हा शब्द कुठेच येऊ दिला नाही, याचा मला जास्त संताप येतो. लाज वाटत होती, म्हणजे कळत होतं! आणि ज्यांच्या आयुष्याचा हिशेब चालला होता, त्यांच्यातलं एकही माणूस त्या खोलीत नव्हतं.

१२ सप्टेंबरला मेसन यांनी नागरिकांच्या हक्कांची सनद जोडायचा आग्रह धरला. एकाही राज्याने पाठिंबा दिला नाही. सगळे थकले होते, घरी जायची घाई होती. मेसन यांनी सही केली नाही. १७ सप्टेंबरला ३९ जणांनी केली.

त्यांत जेम्स मॅडिसन होते. सभेत रोज पुढे बसून टिपणं घेणारे, सनदेची गरज नाही असं मानणारे. पुढे राज्याराज्यांत मंजुरीसाठी रण माजलं, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ इतकं अटीतटीचं झालं, आणि लोकांच्या मनातली भीती त्यांना समोर दिसली. ८ जून १७८९ रोजी काँग्रेसमध्ये उभं राहून हक्कांच्या दुरुस्त्या मांडल्या त्या याच मॅडिसन यांनी. त्यातूनच १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या घटनेत आल्या.