गावाचं नाव लिहायला काय झालं होतं?

नवऱ्याचे खापरपणजोबा आयर्लंडमधून लँकशायरला आले, एवढंच कळतं. पण कुठल्या गावचे? इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत जन्मस्थानाच्या रकान्यात आयर्लंडसाठी नुसतं ‘आय’ (I) हे अक्षर. १८५१ पासून गाव विचारायला लागले, पण ते इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्यांना! यांच्यापुढे दर दहा वर्षांनी तेच, ‘आयर्लंड’. अरे, जिताजागता माणूस समोर होता, त्याला गाव नव्हतं का? चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव आहे, धंदा आहे, गाव नाही. तिकडे शोधावं, तर जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या आगीत गेले. १८६१ ते १८९१ चे तर सरकारनेच नष्ट केले. त्याच नावाचे बाप्तिस्मे तीन काउंटींत सापडलेत. त्यातलं आमचं बाळ कोणतं, हे कुणाला विचारू?