चवथीचा प्रसाद आणि नरक: फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

वेंगुर्ला-मालवणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मते आपण सगळे नरकात जाणार, म्हणून ते चवथीचा प्रसाद घेत नाहीत, मैत्री करतात तीही बाटवायलाच.’

आपल्याकडचे बरेचसे ख्रिस्ती कॅथलिक. नरक आहे, असं त्यांचं चर्च आजही शिकवतं. पण अमुक माणूस तिथे गेला, असं कोणाचंही नाव घेऊन सांगत नाही. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ साली लिहून ठेवलंय की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला धरून वागतात, त्यांनाही तारण (म्हणजे मुक्ती) मिळू शकतं.

काही इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतले प्रचारावर भर देणारे) पंथ मात्र ख्रिस्तावरच्या श्रद्धेशिवाय तारण नाही, असं मानतात. म्हणून ते मित्राला धर्माबद्दल सांगतात, तेव्हा त्यामागची काळजी खरी असते. (ऐकणाऱ्याला ती जाचते, हेही खरं.)

प्रसादाचा प्रश्न वेगळाच. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, ही चर्चा बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रापासून चालू आहे. म्हणून कोणी प्रसाद घेतं, कोणी नुसता हात जोडतं. नाताळात नेवऱ्यांचं ताट मात्र दोघांच्याही घरून येतं.