निफाडची थंडी ढग आणत नाहीत

डिसेंबर लागला की द्राक्षपट्ट्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तेच म्हणणं पुन्हा फिरू लागतं. थोडक्यात ते असं: आभाळ आलं की थंडी वाढते, म्हणून ढगाळ रात्री बागेत शेकोट्या पेटवा. हवामान खातं १० अंश सांगतं तेव्हा बांधावर ६ असतात, म्हणजे अंदाज खोटा. विमानांमागच्या पांढऱ्या रेषा ही रसायनाची फवारणी, अवकाळी तिच्यामुळेच येतो. आणि आभाळात ढगांचे खवले दिसले की तीन दिवसांत गारपीट ठरलेली. निफाड तालुक्यात या दिवसांत घड वेलीवर असतात. चुकीच्या सल्ल्याने फुकट गेलेली एक रात्र वर्षभराच्या कष्टाला भोवते. म्हणून हे दावे तसेच सोडून देणं मला पटत नाही.

सगळ्यात घातक दावा पहिला. दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते. आभाळ निरभ्र असलं तर ती सरळ निघून जाते. डोक्यावर स्तरमेघांचा जाड, खालचा थर असला तर तो त्यातली बरीचशी उष्णता जमिनीकडे परत पाठवतो. त्यामुळे ढगाळ रात्रीचं किमान तापमान निरभ्र रात्रीपेक्षा सहसा वरच राहतं. सहा किलोमीटरच्या वरचे तंतुमेघ मात्र हिमकणांचे आणि विरळ असतात, त्यांनी फारशी ऊब टिकत नाही.

लोकांचा अनुभव खोटा नाही, त्याचा क्रम चुकीचा लावला जातो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, सरकत असतो तेव्हा पुष्कळदा आपल्याकडे दमट वारे येतात, ढग जमतात आणि रात्री उबदार होतात. दिवसा ऊन मिळत नाही म्हणून अंगाला गारठा जाणवतो, पण तो दुपारचा गारठा. झंझावात पूर्वेकडे गेला की उत्तरेचे कोरडे वारे सुटतात, आभाळ मोकळं होतं आणि पारा घसरतो तो तेव्हा. थंडी ढगांच्या मागून येते, ढगांमुळे येत नाही. ढगाळ, दमट रात्री बागेत खरी भीती डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची. शेकोटीचं सरपण आणि पहाटे ठिबकने सोडायचं विहिरीचं कोमट पाणी राखून ठेवायचं ते आभाळ उघडल्यावर, वारा पडलेल्या रात्रीसाठी.

आता १० आणि ६. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून तीन-चार अंश थंड असणं नेहमीचंच आहे. थंड हवा जड असते, ती उतारावरून सखल भागात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातलं निफाड तर अशा साचण्याला सोयीचंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा नाशिक शहरापेक्षा खाली असल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्यामागे मोकळी शेतजमीन आणि शहराची ऊब हा फरक आहे. शिवाय मोबाइलवरचा आकडा गणिती प्रारूपाच्या एका चौकोनाचा असतो. हवामान खात्याचं मे २०२५मध्ये सुरू झालेलं नवं प्रारूप सहा किलोमीटरच्या चौकोनांवर चालतं, त्याआधी तो चौकोन १२ किलोमीटरचा होता. एवढ्या चौकोनात तुमचा ओढ्याकाठचा वाफा वेगळा दिसणार नाही. त्यावर उपाय साधा आहे: बागेत घडांच्या उंचीवर स्वतःचा किमान तापमापक लावा, काही रात्री अंदाजाशी ताडून पाहा, आणि आपल्या शिवारात किती अंश वजा करायचे ते ठरवा.

‘एवढी थंडी, तरी लाट का जाहीर केली नाही?’ हा रागही याच गैरसमजातला. थंडीची लाट ठरायला मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा खाली असावं लागतं आणि शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी. किंवा मग थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली. जिथली सरासरीच कमी, तिथे ७ अंशांची रात्र या व्याख्येत बसेलच असं नाही. पिकाला मात्र ती बाधू शकते.

विमानांच्या रेषांबद्दल लांबण लावायची गरज नाही. एक किलो इंधन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ होते, आणि १० किलोमीटरच्या आसपासच्या कडाक्याच्या थंडीत ती लगेच गोठते. रेष पटकन विरली तर वरची हवा कोरडी, तासभर रेंगाळून पसरली तर दमट. म्हणजे ती दमटपणा दाखवते, निर्माण करत नाही. महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले हे खरं, पण त्यासाठी आधी पावसाळी ढग लागतात आणि विमान त्या ढगांशी न्यावं लागतं. निळ्या आभाळात रेष ओढून पाऊस पडत नाही.

राहिले खवले. ते मध्यम किंवा बऱ्याच उंचीवरचे पातळ ढग. त्यांतून गार पडू शकत नाही. वर ओलावा आला आहे एवढंच ते सांगतात, तेव्हा जिल्ह्याचा इशारा रोज बघायला लागावं, हे ठीक. गार तयार होते ती फक्त गर्जन्मेघात, जिथे जोराचा ऊर्ध्व प्रवाह हिमकणांना वर उचलून धरतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट असो की २६ नोव्हेंबर २०२३ला निफाड-दिंडोरीत झालेली, ती अशाच ढगांची. हा ढग फुलकोबीच्या गड्ड्यासारखा झपाट्याने वर चढतो, मग त्याचा माथा सपाट पसरतो आणि बूड काळं पडतं. तो दिसला की हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा बघा आणि मजुरांना बागेतून काढून पक्क्या छताखाली न्या. तारांच्या मांडवाखाली थांबू देऊ नका, कारण वीजही त्याच ढगातून पडते.