एकशेवीस आकडे मोजून बघा

काल रात्री ओट्यापाशी उभी राहून मी एक ते एकशेवीस आकडे मोजले. सेकंदाला एक, अंदाजाने. स्टॉपवॉच लावून मोबाइल पालथा ठेवला होता. बघते तर २ मिनिटं २१ सेकंद! लेक म्हणाली, "आई, तू एकवीस सेकंद मागे पडतेस."

हा उद्योग मिशेल सिफ्रचा. हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ साली, वयाच्या २३व्या वर्षी, आल्प्समधल्या एका बर्फगार गुहेत घड्याळाशिवाय एकटा राहिला. १६ जुलैला आत गेला. झोपताना, उठल्यावर, जेवताना वरच्या माणसांना फोन करायचा; ते नोंद करायचे, पण वेळ सांगायचे नाहीत. फोनवर तो असेच १२० आकडे मोजायचा. त्याच्या लेखी दोन मिनिटं, वरच्या घड्याळात पाच! १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं कळवलं तेव्हा त्याच्या हिशेबात २० ऑगस्ट होता. पंचवीस दिवस गायब. गंमत म्हणजे त्याचं झोपण्या-उठण्याचं चक्र मात्र साधारण साडेचोवीस तासांचंच होतं. शरीर बरोबर होतं, हिशेब चुकला होता.

आता सगळे म्हणतात, वय वाढलं की वर्षं भुर्रकन जातात. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग, आपल्याला पन्नासावा, वगैरे. मला हे गणित कधीच पटलं नाही. लॉकडाउनमध्ये माझं वय काय एकदम वाढलं होतं का? तेव्हा दुपार सरता सरत नव्हती, आणि आता आठवायला बसलं तर ते अख्खं वर्ष मुठीत मावतं. कारण मंगळवार आणि शुक्रवार वेगळे ओळखायला काही खूणच नव्हती. गुहेतल्या अंधारात सिफ्रचंही हेच झालं असणार.

याच्या उलट, वडिलांचं ऑपरेशन चालू असतानाचे साडेतीन तास. तेव्हाही सरले नाहीत आणि अजूनही लांबलचकच आहेत. समोरच्या बाकाची उसवलेली रेक्झिन, एका आजोबांच्या डब्यातला मेथीचा वास, लिफ्टचं दार दर वेळी दोनदा बंद व्हायचं ते. सगळं जसंच्या तसं.

म्हणून वय झालं म्हणणाऱ्यांना मी हल्ली विचारते, मागच्या आठवड्यातला बुधवार आठवतो का? बहुतेकांना नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

जाता जाता, सासूबाईंनाही मोजायला लावलं. मटार सोलता सोलता मोजले त्यांनी. १ मिनिट ५८ सेकंद. वर म्हणाल्या, "कुकरला दोन मिनिटं कमी-जास्त झाली तर कळत नाही का आपल्याला?"

तुमचा आकडा किती आला, सांगा.