डोळे मिटून सागवान? नाही, फळी बघून घ्या

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘जिन्याच्या पायऱ्यांना डोळे मिटून सागवान घ्या. सगळ्यात कठीण लाकूड तेच. ते फुगत नाही, आकसत नाही, वाळवी लागत नाही. वर चकचकीत पॉलिश मारा, पन्नास वर्षं बघायला नको.’ नाशकात गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत बंगले आणि रो-हाऊसची कामं चालू आहेत आणि लोक हा मेसेज दाखवून वखारीत ऑर्डर देतात. साग उत्तम लाकूड आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नुसत्या नावावर विसंबून घेतलेली पायरी पुढे त्रास देते, म्हणून हे लिहितोय.

‘सगळ्यात कठीण’ हे तर सरळ चूक. लाकडाचा कठीणपणा जांका चाचणीने मोजतात. पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो ते त्यात बघतात. सागाचा आकडा 1,100 पौंडांच्या आसपास येतो. परदेशी रेड ओकचा 1,290, हार्ड मेपलचा 1,450 आणि आपल्या शिसवीचा 2,400 च्या आसपास. म्हणजे साग मधल्या फळीतला. पायऱ्यांना तेवढा कठीणपणा पुरतो, पण वरून पितळी तांब्या पडला तर पोचा येणारच.

‘फुगत नाही, आकसत नाही’ हा दावा नाशकात जास्त महागात पडतो. इथे एप्रिलमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. साग ओकपेक्षा कमी हलतो, पण हलतो. 10 इंच रुंद फळीतला ओलावा 9 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेला, तर ती पावणेदोन मिमीच्या आसपास रुंदावते. ओक असेल तर 3 मिमीच्या जवळ. चारही कडा भिंतीला आणि रायझरला (पायरीच्या उभ्या बाजूला) घट्ट ठोकून बसवल्या तर ती वाढ कुठे जाणार? फळी मधे पन्हाळीसारखी वाकते, स्क्रू ओढले जातात, पायरी करकरते. म्हणून सुताराला मॉइश्चर मीटर (लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र) लावायला सांगा. 10 ते 12 टक्क्यांच्या वर असेल तर फळ्या आधी घरात, खाली पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. आणि फळीचं कापलेलं टोक बघा. तिथे वर्षवलयांच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी कमी हलेल. आडव्या, कमानीसारख्या दिसल्या तर जास्त.

वाळवीला दाद देत नाही तो सागाचा गाभा. बाहेरचा पांढरट भाग वाळवी खाते. आज बाजारात घाना, इक्वेडोर इथला लागवडीचा सागही येतो. लवकर तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग जास्त निघतो आणि पॉलिशखाली तो रंग देऊन झाकता येतो. त्यामुळे फळ्या पॉलिशच्या आधी, उजेडात, दोन्ही बाजूंनी बघून घ्या. पंचवटीतल्या वाड्यांचे जिने पिढ्यान्‌पिढ्या टिकले हा दाखला लोक देतात. तिथल्या फळ्या जुन्या झाडांच्या आणि चांगल्या जाड होत्या. आज त्याच नावाने मिळणारी पातळ फळी तसाच निकाल देईल असं नाही.

चकचकीत पॉलिश तर नकोच. पावसाळ्यात ओल्या पायांनी माणसं वर जातात. मॅट पीयू (पॉलियुरेथेनचं, न चमकणारं पॉलिश) घ्या आणि पायरीच्या पुढच्या कडेजवळ दोन-तीन खाचा पाडून घ्या. साग तेलकट असतो, म्हणून पॉलिशच्या आधी थिनरने पुसायला हवा, नाहीतर थर सुटतो.

मेसेजने सोडलेली गोष्ट मला सगळ्यात काळजीची वाटते. नाशकात बहुतेक जिने सिमेंटचे, लाकूड वरून बसतं. खालून पूर्ण आधार असल्याने 20 मिमी फळी चालते (लोखंडी फ्रेमवर मोकळी पायरी असेल तर 32 ते 38 मिमी हवी). पण तयार जिन्याच्या प्रत्येक पायरीवर 20 मिमी चढवलं आणि दोन्ही मजल्यांची फरशी होती तशीच राहिली, तर पहिली पायरी 20 मिमी उंच होते आणि शेवटची 20 मिमी बुटकी. पाय सवयीने उचलला जातो आणि तिथेच अडखळतो, त्यातही घरातल्या आजी-आजोबांचा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या रायझरची कमाल उंची 190 मिमी आहे. पहिली पायरी तीही ओलांडू शकते. लाकडाची जाडी सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायचा साचा बांधण्याच्या) आधीच ठरवून ठेकेदाराला लेखी द्या. जिना झालेला असेल तर पहिल्या आणि शेवटच्या पायरीची उंची टेपने मोजा आणि मगच लाकडाची ऑर्डर द्या.