नाउरूचं फॉस्फेट, ऑस्ट्रेलियाची शेती आणि आपला फॉरवर्ड

निवडणुका जवळ आल्या किंवा 'लाडकी बहीण'चा हप्ता बातम्यांत आला, की एक लांबलचक फॉरवर्ड ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: प्रशांत महासागरात नाउरू नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे पक्ष्यांच्या विष्ठेपासून झालेलं फॉस्फेट सापडलं. लोकांनी हावेपोटी बेट खणून काढलं आणि जगातले सर्वांत श्रीमंत झाले. सरकारनं सगळं फुकट वाटलं, कर नाही, काम नाही. लोक आळशी झाले, लठ्ठ झाले, लॅम्बोर्गिनी घेऊन फिरू लागले. फॉस्फेट संपलं, देश बुडाला. आज तिथे धड राजधानी नाही, सरकार नाही, उरलंसुरलं समुद्र गिळतोय आणि लोक ऑस्ट्रेलियाकडे भीक मागताहेत. आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य: फुकट वाटणाऱ्या प्रत्येक देशाचं हेच होतं.

लाडकी बहीण चालू ठेवावी की बंद करावी, यावर वाद जरूर घालावा. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प समोर ठेवून घालावा. त्यासाठी बारा हजार लोकसंख्येच्या देशाचा इतिहास उलटा टांगायची गरज नाही. शिवाय तात्पर्य ज्यावर उभं आहे ती गोष्टच कच्ची आहे. नाउरूच्या फॉस्फेटमधून कित्येक दशकं भरघोस अनुदान वाटलं गेलं, हे खरं. पण ते घेणारे नाउरूचे लोक नव्हते.

'हावेपोटी स्वतःचंच बेट खणून काढलं'

नाउरूचं क्षेत्रफळ 21 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढं. विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं. सर्वांत जवळचं बेट बनाबा, तेही सुमारे 300 किलोमीटरवर. 1888 मध्ये जर्मनीनं नाउरू ताब्यात घेतलं. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी सिडनीतल्या एका कंपनीच्या ऑफिसात दाराला टेकू म्हणून ठेवलेला दगड आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्यानं तपासून घेतला आणि तो उत्तम प्रतीचा फॉस्फेट निघाला. दगड नाउरूचा होता. (मूळ विष्ठेचं की सागरी गाळाचं, यावर भूशास्त्रज्ञांत वाद आहे, तो त्यांच्यावर सोपवू.) जर्मन कंपनीकडे असलेल्या हक्कांच्या आधारे एका ब्रिटिश कंपनीनं 1906-07 च्या सुमाराला खोदाई सुरू केली. परवाना देणारे बर्लिनचे, खणणारे लंडनचे. जमीनमालकांच्या हातावर टनामागे अर्धा पेनी टेकवला जाई.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं बेट घेतलं. 1919 मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी आपसांत करार केला आणि खाणी चालवायला ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स हे मंडळ नेमलं. वाटणी ठरली ती अशी: ब्रिटन 42 टक्के, ऑस्ट्रेलिया 42, न्यूझीलंड 16. नाउरूचा हिस्सा त्यात नव्हता. याच बेटाचा कारभार राष्ट्रसंघानं 'सुसंस्कृत जगाची पवित्र जबाबदारी' म्हणून या देशांकडे सोपवला होता, हे जाताजाता.

आता मुद्द्याचं. हे मंडळ फॉस्फेट जागतिक बाजारभावानं विकत नव्हतं. उत्पादनाचा खर्च निघेल एवढ्याच भावात ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या खत कारखान्यांना देत होतं. दोन्हीकडच्या बऱ्याच जमिनीत फॉस्फरसची उणीव. फॉस्फेटपासून बनणारं सुपरफॉस्फेट खत स्वस्तात मिळालं म्हणून तिथला गहू पिकला, मेंढ्यांची आणि दुभत्या गाईंची कुरणं हिरवी झाली. बाजारभाव आणि हा 'खर्चाचा भाव' यांतला फरक कोणी भरला? ज्यांची जमीन खणली जात होती त्यांनी. फॉरवर्डवाल्यांना रेवडीचं उदाहरणच हवं असेल तर हे घ्या: अर्धशतक चाललेली, श्रीमंत देशांतल्या शेतकऱ्यांना मिळालेली आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेली.

स्वातंत्र्य मिळेपर्यंत बेटाचा साधारण एक तृतीयांश भाग खणून झाला होता. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण आपल्याच बेटावरची यंत्रसामग्री आणि खाणीचे हक्क 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून विकत घ्यावे लागले. पूर्ण ताबा आला 1970 मध्ये.

स्वातंत्र्यानंतरची खोदाई मात्र नाउरूनं स्वतः केली आणि ती आधीच्यापेक्षा जास्त केली. ते झाकायचं कारण नाही. फक्त त्यांच्यासमोर पर्याय काय होते, तेही सांगायला हवं. साठच्या दशकात ऑस्ट्रेलियानं सुचवलं होतं की बेट आता राहण्याजोगं उरणार नाही, तेव्हा सगळ्यांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर येऊन राहावं. 1964 मध्ये नाउरूनं नकार दिला, कारण तिथे स्वतःचं राज्य मिळणार नव्हतं, फक्त ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळणार होतं. बेटाचा एक तृतीयांश भाग आधीच खणला गेलेला असताना, दुसरं कुठलंही उत्पन्न नसताना, त्यांनी उरलेलं फॉस्फेट बाजारभावानं विकायचं ठरवलं.

आणि ते गप्पही बसले नाहीत. 1989 मध्ये नाउरूनं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावला: स्वातंत्र्याआधी उजाड केलेली जमीन दुरुस्त करून द्या. ऑस्ट्रेलियानं खटला चालवायलाच हरकत घेतली. 1992 मध्ये न्यायालयानं मुख्य हरकती फेटाळल्या. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं तडजोड केली आणि 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं, त्यातले 5 कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडनंही त्यात प्रत्येकी 1 कोटी 20 लाखांचा वाटा उचलला. नुसत्या हावेपोटी स्वतःचंच बेट खणलेल्यांना अशी भरपाई कोणी कशाला देईल?

'पैसा आला आणि लोकांनी काम सोडलं'

खाणीत सुरुवातीपासून चीनमधून आणि गिल्बर्ट-एलिस बेटांवरून, म्हणजे आजच्या किरिबाटी आणि तुवालूमधून, करारावर आणलेले मजूर राबत होते. कंपनीला ते परवडत होतं. ही पद्धत 1907 च्या आसपासची आहे, श्रीमंती सत्तरच्या दशकातली. आधी काम सोडलं की आधी पैसा आला, हा क्रम फॉरवर्डमध्ये उलटा झालाय.

मधली एक गोष्ट फॉरवर्डमध्ये अजिबात नाही. 1942 मध्ये जपाननं बेट घेतलं आणि सुमारे 1,200 नाउरूवासीयांना मजुरी करायला मायक्रोनेशियातल्या ट्रक नावाच्या बेटांवर नेलं. त्यांतले 737 जिवंत परतले. परतीचा दिवस होता 31 जानेवारी 1946, म्हणूनच स्वातंत्र्यासाठीही त्यांनी 31 जानेवारीच निवडली. पहिले अध्यक्ष हॅमर डीरॉबर्ट हे त्या परतलेल्यांपैकी एक. ऐतखाऊंची गोष्ट सांगताना हे गाळावंच लागतं.

'लॅम्बोर्गिनीत पैसा उडवला'

मोफत शिक्षण, मोफत औषधोपचार, आयकर नाही, हे सगळं होतं. वैयक्तिक उधळपट्टीही होती. सुमारे 19 किलोमीटरचा एकच रस्ता असलेल्या बेटावर महागड्या गाडीची गोष्ट ऐकायला मजा येते, मान्य. पण नव्वदच्या सुमाराला एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेलेला रॉयल्टी न्यास, म्हणजे फॉस्फेटच्या मिळकतीतून साठवलेला निधी, गाड्यांनी खाल्ला नाही.

तो खाल्ला मोठ्या, सुटाबुटातल्या निर्णयांनी. मेलबर्नमध्ये 52 मजली नाउरू हाउस (1977), ठिकठिकाणी हॉटेलं, बेटाच्या लोकसंख्येला न शोभणारी विमानसेवा, लंडनमध्ये एका सल्लागाराच्या नादानं पैसे घातलेली आणि आपटलेली संगीतिका. बनावट बँक हुंड्यांच्या फसवणुकीतही न्यासाचे पैसे गेले. पुढे तूट भरून काढायला याच मालमत्तेवर कर्ज काढलं गेलं. 2004 मध्ये धनकोंनी वसुलीसाठी मालमत्ता ताब्यात घेणारा रिसीव्हर नेमला, नाउरू हाउस विकलं गेलं, 2005 च्या डिसेंबरात शेवटचं विमानही जप्त झालं. दोष राज्यकर्त्यांचा आहेच: न्यासाचे हिशोब लोकांसमोर येत नव्हते आणि विचारायला कोणी नव्हतं. पण हे सामान्य घराला मिळणाऱ्या मोफत औषधांमुळे झालं, असं म्हणणं म्हणजे बँक बुडाली की खातेदाराच्या पासबुकाला दोष देण्यासारखं आहे.

सगळी गुंतवणूक वेडपट होती असंही नाही. फॉस्फेट आहे तर खतात उतरू, हा साधा व्यापारी विचारही त्यात होता. ओडिशातली पारादीप फॉस्फेट्स ही कंपनी 1981 मध्ये भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांच्या भागीदारीतूनच उभी राहिली. 1993 मध्ये नाउरूनं आपला हिस्सा काढून घेतला. कंपनी आजही धावते आहे. गोव्यातला झुआरीनगरचा खत कारखाना 2022 पासून तिच्याकडेच आहे. फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्या एखाद्या शेतकरी काकांच्या शेतात या कंपनीच्या खताचं पोतं पडलंही असेल.

'लोक आळसानं लठ्ठ झाले'

लठ्ठपणात नाउरू जगात वरच्या क्रमांकावर आहे. 1975 च्या सुमाराला झालेल्या तपासणीत प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह निघाला. आकडे खरे, कारण अर्धवट. नाउरूवासी नारळ, केवडा जातीच्या पँडानसची फळं आणि मासे खात. प्रवाळाच्या कडेला मिल्कफिशची पिल्लं पकडून ती बुआडाच्या तळ्यात वाढवायची, अशी त्यांची मत्स्यशेती होती. बाहेरून आणून सोडलेल्या तिलापियानं तिचा निकाल लावला. पठारावरची झाडं खाणीबरोबर गेली. नदी नाही, पाणी पावसाचं किंवा समुद्राचं गोडं केलेलं. एकेकाळी फॉस्फेट न्यायला येणारी जहाजंच पाणी घेऊन येत. अशा ठिकाणी ताटात येतं ते जहाजातून उतरलेलं: पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं मांस.

'राजधानी नाही, सरकार नाही'

अधिकृत राजधानी नाही, बरोबर. 14 जिल्ह्यांच्या, तासाभरात गाडीनं फेरी पुरी होणाऱ्या देशाला ती कशाला हवी? संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात आहेत. संसदेत 19 सदस्य, मुदत तीन वर्षं, मतदान सक्तीचं. संसद आपल्यातूनच अध्यक्ष निवडते आणि तोच राष्ट्रप्रमुख, तोच सरकारप्रमुख. 1971 पासून मतदार सगळ्या उमेदवारांना क्रम लावतो: पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक तृतीयांश. आपल्याकडे 'मत वाया गेलं' म्हणून हळहळणाऱ्यांनी ही पद्धत जरूर समजून घ्यावी.

अस्थिरता मात्र खरी होती. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही अविश्वासाच्या ठरावांनी अध्यक्ष पटापट बदलत. 2010 मध्ये 18 सदस्यांची संसद नऊ-नऊ अशी दुभंगली आणि फेरनिवडणूक घेऊनही महिनोन्महिने कोंडी सुटली नाही. त्यानंतर एकोणिसावी जागा वाढवली. आणि नव्वदच्या दशकात एकेका टपालपेटीच्या पत्त्यावर शेकडो कागदी बँका नोंदवू देण्याचा उद्योगही याच राज्यकर्त्यांचा. त्यापायी देश आंतरराष्ट्रीय काळ्या यादीत गेला, 2005 मध्ये बाहेर आला.

'उरलंसुरलं समुद्र गिळतोय'

तुवालूसारखं हे पाण्याच्या पातळीवर पसरलेलं बेट नाही. मधलं पठार 60 मीटरपेक्षा उंच जातं. अडचण अशी की लोक राहतात ते किनाऱ्याच्या जेमतेम दीडशे-तीनशे मीटर रुंद पट्टीत, आणि उंचावर आहेत ते खाणीनंतर उरलेले चुनखडीचे सुळके. त्यांच्यात घर बांधता येत नाही, शेतीही होत नाही. आता ते सपाट करून किनाऱ्यावरची वस्ती वर हलवायची योजना आहे आणि पैशासाठी सरकार परदेशी लोकांना नागरिकत्व विकतंय. नागरिकत्वाची विक्री मला पटत नाही, नाउरूनं पूर्वीही ती करून हात पोळून घेतले आहेत. पण ज्या उंच जमिनीवर सरकायचं, तिचा एक मोठा तुकडा कोणी उजाड केला, ते वर आलंच आहे.

'आणि आता भीक मागताहेत'

2020 मध्ये जागतिक बँकेनं नाउरूला उच्च उत्पन्न गटात टाकलं. उत्पन्नाचे दोन मोठे झरे आहेत. पहिला ट्यूना. 1982 च्या नाउरू कराराखाली आठ बेटदेश एकत्र आले आणि आता परदेशी जहाजांना आपल्या पाण्यात मासेमारीचे 'दिवस' विकतात. एकेकट्यानं भाव पाडून घेण्यापेक्षा मिळून भाव ठरवायचा. फॉस्फेटच्या बाबतीत त्यांना जे कधी करता आलं नाही, ते माशांच्या बाबतीत जमलं.

दुसरा झरा काळाकुट्ट आहे. 2001 पासून, मधली काही वर्षं सोडता, ऑस्ट्रेलिया समुद्रमार्गे येणाऱ्या आश्रयार्थींना नाउरूवर ठेवतो आणि त्याचे पैसे देतो. त्या छावण्यांत लोकांचे जे हाल झाले, त्यांचं समर्थन करता येणार नाही आणि त्यात नाउरूचं सरकारही भागीदार आहे. 2025 मध्ये आणखी एक करार झाला: ज्यांना ऑस्ट्रेलिया मायदेशी पाठवू शकत नाही, अशा लोकांना घेण्यासाठी तीस वर्षांत अडीच अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत रक्कम. याला सौदा म्हणा, लाजिरवाणा सौदा म्हणा. भीक म्हणता येत नाही, कारण गरज ऑस्ट्रेलियाची आहे आणि दाम नाउरू लावतो.

मिळालेल्या पैशाचं आता काय करतात? 2014 मध्ये पगारावर कर बसवला. 2015 मध्ये नवा राष्ट्रीय निधी उभारला, त्यात ऑस्ट्रेलिया, आशियाई विकास बँक आणि तैवान यांनीही पैसे घातले. त्याच्या कारभारात देणगीदारांचेही प्रतिनिधी बसतात आणि 2033 पर्यंत त्यातला पैसा काढता येत नाही, अध्यक्ष कोणीही असो.